मुक्तस्रोत उपयोजनांच्या प्रकाशन-वेळापत्रकांचा व आवृत्ती-क्रमांकांचा समन्वय : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९६ ते २०२४)

गोषवारा

मुक्तस्रोत संगणकप्रणाली ही अनेक देशांत विखुरलेल्या, बव्हंशी परस्परांस अपरिचित अशा व्यक्तींच्या श्रमातून उभी राहते. तिला एक मालक नसतो, आणि म्हणून आज्ञा देणारा अधिकारीही नसतो. अशा स्थितीत शेकडो उपयोजने एकाच वेळी प्रकाशित कशी करावयाची आणि त्यांना कोणता क्रमांक द्यावयाचा, हा प्रश्न गेल्या तीन दशकांत वारंवार उपस्थित झाला. प्रस्तुत शोधनिबंधात लिनक्स कर्नल, ग्नोम, केडीई, एक्लिप्स, उबुंटू व डेबियन या प्रकल्पांच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. आरंभी गुणवत्तेचा निदर्शक असलेला आवृत्ती-क्रमांक हळूहळू कालाचा निदर्शक झाला, आणि ज्यांच्यावर तारखेचा भार पडतो त्यांची संमती मिळाली तेथेच सामायिक तारीख टिकली, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : मुक्तस्रोत, आवृत्ती-क्रमांक, कालबद्ध प्रकाशन, गोठवण, समन्वय, ग्नोम, केडीई.

१. प्रस्तावना

छापील ग्रंथावर ‘आवृत्ती दुसरी’ असे शब्द दिसले की त्यामागे प्रकाशकाचा निर्णय आहे, हे वाचक गृहीत धरतो. व्यापारी संगणकप्रणालींच्या बाबतीतही स्थिती फारशी वेगळी नाही. कंपनी तारीख ठरवते, कंपनीच क्रमांक देते आणि पगारी कर्मचारी त्याप्रमाणे काम करतात. मुक्तस्रोत प्रणालीत मात्र हा क्रम लागू पडत नाही. तेथे एखादे उपयोजन लिहिणारा बहुधा स्वेच्छेने लिहीत असतो. त्याचे उपयोजन दुसऱ्याने लिहिलेल्या लायब्ररीवर अवलंबून असते. या दोहोंचे भाषांतर तिसरा करतो, आणि हे सर्व एकत्र बांधून वापरणाऱ्याच्या हाती देणारी ‘वितरणे’ चौथ्याच मंडळींच्या हाती असतात. यांपैकी कोणीही दुसऱ्याला कामावरून काढू शकत नाही.

मग तारीख कोण ठरवणार? आणि ठरलेली तारीख सर्वांनी का पाळावी? वरकरणी तांत्रिक वाटणारा हा प्रश्न वस्तुतः श्रमाच्या संघटनेचा व सामाजिक अधिकाराचा प्रश्न आहे. म्हणूनच तो केवळ संगणकशास्त्राच्या अभ्यासकांचा विषय राहत नाही, तर इतिहास व समाजशास्त्र या विद्याशाखांच्याही कक्षेत येतो.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) मुक्तस्रोत प्रकल्पांतील आवृत्ती-क्रमांकांच्या अर्थात झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
२) कालबद्ध प्रकाशनाची पद्धती कोणत्या गरजेतून उदयास आली, याचा शोध घेणे.
३) वेळापत्रकाच्या समन्वयाचे यशस्वी व अयशस्वी प्रयत्न तपासून त्यांमागील कारणांची मीमांसा करणे.

३. संशोधन पद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. १९९६ साली केडीई प्रकल्पाची घोषणा झाली, तर २०२४ साली त्याच प्रकल्पाने आपले सर्व प्रमुख घटक पुन्हा एकाच दिवशी प्रकाशित केले. हा कालखंड अभ्यासाची चौकट म्हणून स्वीकारला आहे. पार्श्वभूमीसाठी लिनक्स कर्नलच्या थोड्या आधीच्या इतिहासाचाही उल्लेख आवश्यक ठरला आहे.

४. गुणवत्तेचा निदर्शक म्हणून क्रमांक

लिनक्स कर्नलची १.० ही आवृत्ती मार्च १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर सुमारे दशकभर या प्रकल्पात एक संकेत रूढ होता. क्रमांकातील दुसरा अंक सम असेल तर ती आवृत्ती स्थिर व सर्वसामान्य वापरास योग्य, आणि विषम असेल तर ती प्रयोगाधीन, असे समजले जाई. २.४ स्थिर, तर २.५ प्रयोगाधीन. या संकेतात अंकाला नैतिक मूल्य होते, कारण कोणत्या आवृत्तीवर विश्वास टाकावा हे अंकच सांगत असे.

या व्यवस्थेचा दोष काळाच्या कसोटीवर उघड झाला. २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली आणि २.६ डिसेंबर २००३ मध्ये. मधली जवळजवळ तीन वर्षे नवे काम प्रयोगाधीन शाखेत अडकून पडले. वितरणांना मात्र ग्राहकांच्या गरजांसाठी ते काम तत्काळ हवे होते. परिणामी प्रत्येक वितरणाने आपापल्या परीने नवे भाग जुन्या कर्नलला जोडले आणि एकाच क्रमांकाच्या आत अनेक भिन्न कर्नले नांदू लागली. २००४ साली २.७ ही प्रयोगाधीन शाखा न उघडण्याचा निर्णय झाला. पुढे सुमारे नऊ-दहा आठवड्यांच्या अंतराने नवी आवृत्ती काढण्याची रीत स्थिरावली.

यानंतर क्रमांकाचा मूळ अर्थ उरला नाही. मे २०११ मध्ये २.६.३९ आल्यावर लिनस टॉरवाल्ड्झ यांनी पुढील आवृत्तीला ३.० म्हटले. त्यात कोणतीही तांत्रिक क्रांती नव्हती. क्रमांक लांबले होते आणि प्रकल्प विसाव्या वर्षात आला होता, एवढेच निमित्त होते. ४.० (२०१५), ५.० (२०१९) व ६.० (२०२२) हे टप्पेही याच न्यायाने आले.

५. ग्नोम : तारखेचा स्वीकार

ग्नोम हा डेस्कटॉप प्रकल्प १९९७ साली सुरू झाला. त्याची १.४ ही आवृत्ती एप्रिल २००१ मध्ये व २.० ही जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. हे चौदा महिने प्रकल्पाच्या दृष्टीने कसोटीचे होते. ‘सर्व काही तयार झाले की प्रकाशन’ हे तत्त्व ऐकण्यास न्याय्य वाटते. परंतु ‘सर्व काही’ म्हणजे काय, याचा निर्णय करणारा कोणी नसेल तर ती स्थिती कधीच येत नाही. प्रत्येकाला आपला एक भाग आणखी घालावयाचा असतो, आणि त्याच्यासाठी इतर सर्वांनी थांबावयाचे असते.

२.० नंतर ग्नोमने हा क्रम उलटा केला. तारीख आधी ठरेल, आणि त्या तारखेपर्यंत जे तयार असेल तेच आवृत्तीत जाईल, अशी भूमिका घेण्यात आली. २.२ ही आवृत्ती फेब्रुवारी २००३ मध्ये व २.४ ही सप्टेंबर २००३ मध्ये आली. त्यापुढे मार्च व सप्टेंबर हे दोन महिने जणू प्रकल्पाचे सणच ठरले. मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटू नये. दिवाळी अंक दिवाळीलाच निघावा लागतो. एखाद्या लेखकाची कथा अपूर्ण राहिली म्हणून दिवाळी पुढे ढकलता येत नाही.

या पद्धतीचे मर्म असे की, त्यात कोणाचा अवमान होत नाही. ‘तुझे काम निकृष्ट आहे’ असे सांगण्याचा अधिकार स्वयंसेवकांच्या समूहात कोणालाच नसतो. ‘तुझे काम या वेळी बसले नाही, सहा महिन्यांनी येईल’ असे मात्र सांगता येते. या क्षेत्रातील मंडळी तिला ‘रिलीझ ट्रेन’ म्हणतात ते सार्थ आहे. गाडी वेळेवर सुटते हे ठाऊक असले की चुकलेला प्रवासी तिच्यामागे धावत नाही, पुढच्या गाडीची वाट पाहतो. पुढची गाडी केव्हा येईल याचीच खात्री नसेल, तर मात्र प्रत्येक जण याच गाडीत शिरण्यासाठी दाराशी झोंबतो.

तारीख पाळणे म्हणजे ताठरपणा नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. मार्च २००४ मध्ये ग्नोमच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचे आढळले, तेव्हा २.६ चे प्रकाशन सुमारे आठवडाभर पुढे नेण्यात आले. कारण उघडपणे सांगितले गेले आणि नियमाला धक्का लागला नाही. ग्नोम ३.० च्या वेळी मात्र बदलाचा आवाका मोठा होता. मार्च २०१० साठी योजलेली ती आवृत्ती दोनदा लांबून एप्रिल २०११ मध्ये आली. तथापि, मधल्या काळात २.३० व २.३२ या आवृत्त्या वेळेवर निघत राहिल्या. आमूलाग्र बदलाला थांबवून ठेवता येते आणि नियमित प्रकाशन चालू ठेवता येते, हे यावरून दिसून आले.

६. गोठवण आणि अदृश्य श्रम

कालबद्ध प्रकाशनाचे खरे लाभार्थी आज्ञावली लिहिणारे नसून त्यांच्या नंतर काम करणारे आहेत. ‘फ्रीझ’ म्हणजे गोठवण या संकल्पनेतून हे स्पष्ट होते. प्रकाशनाच्या काही आठवडे आधी प्रथम नव्या सुविधा घेणे थांबते, मग पडद्यावरील मांडणी बदलणे थांबते, त्यानंतर पडद्यावर दिसणारे शब्द बदलणे थांबते, आणि शेवटी अत्यावश्यक दुरुस्तीखेरीज आज्ञावलीला हातच लावायचा नाही असा दंडक येतो.

यांतील शब्दांची गोठवण भाषांतरकारांसाठी आहे. ग्नोमच्या नियमानुसार ती मोडावयाची असेल तर भाषांतर-समन्वय गटातील दोघांची संमती घ्यावी लागते. म्हणजे आज्ञावली लिहिणाऱ्याला एक शब्द बदलण्यासाठी भाषांतरकारांची परवानगी मागावी लागते. सामान्यतः ज्यांचे काम सर्वांत शेवटी व सर्वांत घाईने उरकले जाते, त्यांना येथे वेळापत्रकाने नकाराधिकार दिला आहे. ग्नोमच्या प्रकाशन-टिपणांत ऐंशी टक्के शब्दसामग्रीचे भाषांतर झालेली भाषाच समर्थित म्हणून नोंदवण्याची प्रथा होती. शेवटच्या दिवशी शंभर वाक्ये बदलली, तर लहान भाषागटाचे महिन्यांचे श्रम या रेषेखाली घसरू शकतात.

मराठीच्या दृष्टीने हा मुद्दा दूरचा नाही. ग्नोम, केडीई, फायरफॉक्स व लिब्रेऑफिस या सर्वांची मराठी भाषांतरे झाली आहेत, आणि पुण्यातील रेड हॅटच्या कार्यालयातून भारतीय भाषांच्या स्थानिकीकरणाचे लक्षणीय काम झाले आहे. अशा कामासाठी मनुष्यबळ नेहमीच तोकडे असते. एकच व्यक्ती चार-पाच प्रकल्पांचे भाषांतर पाहते, तेव्हा प्रत्येक प्रकल्पाची गोठवण केव्हा सुरू होते हे आधी ठाऊक असणे, ही तिच्यासाठी सोय नसून कामाची पूर्वअट असते.

७. केडीई ४.० : क्रमांक आणि अपेक्षा

केडीई प्रकल्पाची घोषणा मथायस एट्रिख यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये केली. डेस्कटॉप, मूलभूत लायब्रऱ्या व अनेक उपयोजने यांचा मोठा भाग एकाच क्रमांकाखाली प्रकाशित होत असे. ज्या उपयोजनांना स्वतंत्र वेळापत्रक हवे होते, त्यांच्यासाठी ‘एक्स्ट्रागिअर’ नावाचा वेगळा विभाग होता. अमारोक व डिजिकॅम ही त्यांतील परिचित नावे. १.० (१९९८), २.० (२०००) व ३.० (२००२) या आवृत्त्यांपर्यंत ही व्यवस्था एकंदरीत सुरळीत चालली.

४.० च्या वेळी तिची मर्यादा दिसून आली. ऑक्टोबर २००७ साठी योजलेली ही आवृत्ती आधी डिसेंबरवर गेली आणि अखेरीस ११ जानेवारी २००८ रोजी प्रसिद्ध झाली. नवा पाया तयार होता, परंतु त्यावरील सर्व घटक सारख्या गतीने पुढे आले नव्हते. टपाल व दिनदर्शिका सांभाळणारा उपयोजनसंच या आवृत्तीत नव्हताच. तो जुलै २००८ मध्ये ४.१ सोबत आला. निर्मात्यांच्या दृष्टीने ४.० चा अर्थ ‘पाया स्थिर झाला, आता यावर बांधकाम करा’ असा होता. वापरणाऱ्यांनी मात्र त्या अंकात ‘काम पूर्ण झाले’ असा अर्थ वाचला.

मध्यस्थ असलेल्या वितरणांतही एकवाक्यता नव्हती. मे २००८ मध्ये आलेल्या फेडोरा ९ ने केडीई ४.० चा स्वीकार केला. कुबुंटू ८.०४ ने ३.५ व ४.० अशा दोन स्वतंत्र प्रती काढल्या. त्याच वेळच्या उबुंटूला दीर्घकालीन समर्थन लाभले, कुबुंटूला मात्र ते मिळाले नाही. वापरणाऱ्यांची नाराजी तीव्र होती. स्वतः टॉरवाल्ड्झ यांनी आपण केडीई सोडून ग्नोमकडे वळल्याचे २००९ च्या आरंभी सांगितले. एका अंकाने लायब्ररी, डेस्कटॉप व उपयोजने या तीन भिन्न गोष्टींची स्थिती एकदम सांगावी, ही अपेक्षाच अवाजवी होती, हा या प्रसंगाचा धडा होय.

८. एक्लिप्स : सामायिक तारीख, स्वतंत्र क्रमांक

याच सुमारास एक्लिप्स फाउंडेशनने वेगळा मार्ग चोखाळला. जून २००६ मध्ये ‘कॅलिस्टो’ या नावाने दहा प्रकल्प एकाच दिवशी प्रकाशित झाले. २००७ च्या ‘युरोपा’मध्ये ही संख्या एकवीस झाली, आणि २०११ च्या ‘इंडिगो’मध्ये बासष्ट. प्रत्येक प्रकल्पाने आपला क्रमांक स्वतःकडेच ठेवला, सामायिक होते ते फक्त नाव व तारीख. २०१८ च्या सप्टेंबरपासून अशी नावेही मागे पडली आणि वर्ष-महिना हेच नाव झाले. वार्षिक प्रकाशन त्रैमासिक झाले.

या व्यवस्थेतील एक बारकावा लक्षणीय आहे. सर्वांची अंतिम तारीख एक असली तरी मधल्या टप्प्यांच्या तारखा पायऱ्यांच्या होत्या. मूळ प्लॅटफॉर्मने प्रथम आपला भाग द्यावयाचा, त्यावर अवलंबून असणाऱ्यांनी त्यानंतर, आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांनी आणखी काही दिवसांनी. ‘सर्वांनी एकाच दिवशी’ असा केवळ आदेश काढला असता, तर सर्वांत वरच्या थरातील प्रकल्पांना चाचणीसाठी वेळच उरला नसता. समन्वय म्हणजे समकालिकता नव्हे, तर परस्परावलंबनाचा क्रम मान्य करणे होय, हे एक्लिप्सने व्यवहारात दाखवून दिले.

९. बाहेरून आलेला प्रस्ताव : उबुंटू व डेबियन

ऑक्टोबर २००४ मध्ये आलेल्या उबुंटूच्या पहिल्याच आवृत्तीचा क्रमांक ४.१० होता, म्हणजे २००४ सालचा दहावा महिना. येथे क्रमांक हा उघडपणे दिनांकच होता. ग्नोमच्या नव्या आवृत्तीनंतर सुमारे महिन्याने उबुंटूची आवृत्ती यावी, अशी रचना होती. एप्रिल २००६ ची आवृत्ती सहा आठवडे लांबली तेव्हा क्रमांकही ६.०४ ऐवजी ६.०६ असा झाला. दिनांकदर्शक क्रमांकाला उशीर लपवता येत नाही, हा त्याचा गुण येथे प्रत्ययास आला.

या यशानंतर २००८ साली उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी व्यापक प्रस्ताव मांडला. प्रमुख वितरणे व प्रमुख प्रकल्प यांनी आपापली वेळापत्रके जुळवून घ्यावीत, म्हणजे सर्वांच्या हाती कर्नल, डेस्कटॉप आदींच्या समान आवृत्त्या राहतील आणि दुरुस्तीचे श्रम वाटले जातील. तर्क बिनतोड होता, परंतु प्रतिसाद थंड मिळाला. ज्यांनी आपली तारीख हलवावयाची त्यांना लाभ कोणता, आणि ज्याची तारीख स्थिर राहते त्याला कोणता, हा प्रश्न अनेकांच्या मनात होता.

जुलै २००९ मध्ये डेबियनच्या प्रकाशन गटाने दर दोन वर्षांनी डिसेंबरमध्ये गोठवण करण्याचा निर्णय जाहीर केला. पहिली गोठवण त्याच वर्षीच्या डिसेंबरात होणार होती आणि उबुंटूच्या एप्रिल २०१० मधील दीर्घ-समर्थन आवृत्तीशी ती जुळत होती. डेबियनमध्ये या निर्णयाला मोठा विरोध झाला. वेळापत्रक असावे की नसावे, एवढाच आक्षेपाचा विषय नव्हता. आपल्याला न विचारता, अवघ्या पाच महिन्यांच्या अवधीवर आणि दुसऱ्या प्रकल्पाच्या सोयीने तारीख ठरली, ही भावना अधिक बोचरी होती. काही दिवसांतच हा निर्णय फेरविचारासाठी घेण्यात आला. गोठवण अखेरीस ऑगस्ट २०१० मध्ये झाली आणि ‘स्क्वीझ’ ही आवृत्ती फेब्रुवारी २०११ मध्ये आली.

या घटनेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. डेबियनने कालबद्ध गोठवणीचे तत्त्व पुढे स्वतःच्या चर्चेतून स्वीकारले, आणि २०१७, २०१९, २०२१ व २०२३ अशा दोन-दोन वर्षांच्या अंतराने तिच्या आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. तत्त्व तेच होते, केवळ ते कोणी ठरवले यात फरक पडला. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय वितरण-प्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्याने, या तारखांचा परिणाम आपल्याकडील शासकीय संगणकांपर्यंत पोहोचतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१०. क्रमांकाचे कालनिदर्शकात रूपांतर

केडीईने ४.० च्या अनुभवानंतर टप्प्याटप्प्याने आपली रचनाच बदलली. २००९ साली ‘केडीई’ हे नाव समुदायाचे असून प्रणालीसंचाचे नव्हे, असे जाहीर करण्यात आले. २०१४ मध्ये तीन घटक वेगळे झाले : पन्नासहून अधिक लायब्रऱ्यांचा ‘फ्रेमवर्क्स ५’, डेस्कटॉप ‘प्लाझ्मा ५’ आणि उपयोजनांचा संच. लायब्रऱ्या दरमहा, उपयोजने दर चार महिन्यांनी आणि डेस्कटॉप आपल्या गतीने, अशी विभागणी झाली. डिसेंबर २०१४ च्या उपयोजनसंचाला १४.१२ हा क्रमांक मिळाला.

या विभागणीत एक सूक्ष्म विवेक आहे. लायब्ररीचा क्रमांक हे एका आज्ञावलीने दुसरीला दिलेले वचन असते. पहिला अंक तोच आहे तोवर जुनी जोडणी तुटणार नाही, असा त्याचा आशय असतो. तो अर्थ सोडणे धोक्याचे ठरले असते, म्हणून तेथे जुनी पद्धत राहिली. उपयोजनाचा क्रमांक मात्र माणसासाठी असतो आणि माणसाला बहुधा एवढेच जाणून घ्यावयाचे असते की आपल्याजवळील प्रत किती जुनी आहे. चलच्चित्र-संपादनाचे केडेनलाइव्ह ०.९.१० वरून थेट १५.०४ वर आले. दस्तऐवज-वाचक ओक्युलर १.११ नंतर २०.१२ झाले. एकही ‘पूर्ण’ आवृत्ती न काढता केडेनलाइव्हने शून्यावरून पंधरावर उडी घेतली, यातच जुन्या अर्थाचा लोप दिसतो.

एप्रिल २०२१ पासून या संचाला ‘केडीई गिअर’ हे नाव मिळाले. याउलट क्रिटासारख्या उपयोजनाने कार्यालयीन संचापासून अलग होऊन २०१६ मध्ये स्वतंत्रपणे ३.० काढली. सामायिक गाडीतून उतरण्याची मुभा असणे हाही समन्वयाचाच भाग मानावा लागेल. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी मात्र क्यूटी ६ या नव्या पायावर स्थलांतर करताना फ्रेमवर्क्स ६, प्लाझ्मा ६ व गिअर २४.०२ हे तिन्ही घटक एकाच दिवशी प्रसिद्ध झाले. त्यासाठी गिअरने आपली डिसेंबरची नेहमीची आवृत्ती सोडून दिली. स्वतंत्र वेळापत्रके असलेल्या घटकांनी गरजेपुरते एकत्र येणे, हे २००८ च्या अनुभवातून आलेले शहाणपण म्हणता येईल.

इतरत्रही हाच प्रवाह दिसतो. ग्नोममध्ये २.८ नंतर २.१० आली, तेव्हा मधला बिंदू दशांशचिन्ह नव्हे हे नवख्या वाचकाला समजावून सांगावे लागे. सप्टेंबर २०२० च्या ३.३८ नंतर ग्नोमने मार्च २०२१ मध्ये थेट ‘४०’ हा क्रमांक घेतला. ४.० टाळण्याचे एक कारण डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीटीके ४ या लायब्ररीशी होणारा गोंधळ हे होते. लिब्रेऑफिसनेही ७.६ नंतर २०२४ च्या आरंभी २४.२ हा दिनांकदर्शक क्रमांक स्वीकारला.

११. निष्कर्ष

१) आवृत्ती-क्रमांकाने गुणवत्तेची ग्वाही द्यावी ही अपेक्षा, ती ग्वाही देणारा एक अधिकारी असेल तरच सार्थ ठरते. विकेंद्रित श्रमव्यवस्थेत ती टिकली नाही आणि उपयोजनांचे क्रमांक दिनांकाकडे झुकले.
२) कालबद्ध प्रकाशन हे शिस्तीच्या हौसेतून नव्हे, तर मालकाविना निर्णय घेण्याच्या गरजेतून आले. व्यक्तीने नकार देण्याऐवजी तारखेने नकार देणे समूहाला मानवले.
३) वेळापत्रकाचे मोठे मूल्य भाषांतरकार, दस्तऐवज-लेखक व वितरणकर्ते यांच्यासाठी आहे. गोठवणीचा नियम हा त्यांच्या श्रमाला मिळालेला संरक्षक अधिकार होय.
४) समन्वयाची सर्व अंगे एकाच अंकात कोंबण्याचा प्रयत्न केडीई ४.० मध्ये महाग पडला. तारीख सामायिक व क्रमांक स्वतंत्र, किंवा एरवी स्वतंत्र व प्रसंगी एकत्र, या रचना अधिक टिकाऊ ठरल्या.
५) एकच तत्त्व डेबियनने २००९ मध्ये नाकारले व नंतर स्वीकारले. यावरून वेळापत्रकाची ग्राह्यता त्याच्या तर्कशुद्धतेइतकीच ते ठरवण्याच्या प्रक्रियेवर अवलंबून असते, हे स्पष्ट होते.

१२. समारोप

मार्टिन मिखल्मायर यांनी २००७ साली केंब्रिज विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात स्वयंसेवी प्रकल्पांतील प्रकाशन-व्यवस्थापनाचा गुणवत्तेशी असलेला संबंध तपासला होता. त्यानंतरच्या काळातील घडामोडी या विषयाच्या सामाजिक अंगाकडे लक्ष वेधतात. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मुक्तस्रोत प्रणालींचा वापर होतो, तेव्हा चर्चा बहुधा खर्चाच्या बचतीपुरती मर्यादित राहते. परंतु कोणाचीही सक्ती नसताना शेकडो माणसांनी एक तारीख मान्य करणे आणि ती वर्षानुवर्षे पाळणे, ही या प्रणालींनी निर्माण केलेली सामाजिक संस्थाच आहे. भारतीय भाषांतील भाषांतर-गटांनी या वेळापत्रकांशी आपले काम कसे जुळवले आणि तारीख ठरवण्याच्या प्रक्रियेत त्यांचा आवाज कितपत पोहोचला, याचा स्वतंत्र व सविस्तर अभ्यास होणे अगत्याचे आहे.